लेकीच्या नावचे ५ हजार

प्रश्न : आम्ही कागलचे. महिन्यापूर्वी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात नात झाली, मुलाचं हे पहिलंच अपत्य. केशरी कार्ड आहे. सरकार जन्मतःच मुलीच्या नावावर १ लाख १ हजार ठेवतं आणि ते व्याजानं वाढतात, हे खरं का? शिवाय माझ्या सहीनं सुकन्याचं, म्हणजे मुलीच्या नावाच्या सरकारी बचत योजनेचं, खातंही काढायचं आहे.

उत्तर : ठेवत नाही, टप्प्याटप्प्यानं देतं. १ एप्रिल २०२३पासून जन्मलेल्या मुलींसाठी राज्य सरकारची ‘लेक लाडकी’ योजना आहे. जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५ हजार. पिवळं किंवा केशरी कार्ड हवं, शिवाय वर्षाचं उत्पन्न १ लाखापर्यंतच. नुसत्या केशरी कार्डावर भागत नाही, तहसीलदारांचा दाखला लागतो.

प्रसूती सीपीआरला, म्हणजे जन्मदाखला कोल्हापूर महापालिकेचा. तो कागलला शोधू नका. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे. पहिल्या हप्त्याला बाळाचं आधार नसलं तरी चालतं. पुढं अडतं ते दोन ठिकाणी : पहिल्या मुलीच्या तिसऱ्या हप्त्याला आई किंवा वडिलांचं कुटुंब नियोजनाचं प्रमाणपत्र लागतं, आणि शेवटच्या हप्त्याला मुलगी अविवाहित असावी लागते. दोन हप्त्यांत पाच-सहा वर्षांचं अंतर, तेवढ्यात व्यवहाराविना हप्ता जमा होणारं बँक खातं निष्क्रिय होतं. अधूनमधून शे-दोनशे भरत-काढत राहा.

आता व्याज. ७५ हजारांवर ते नाहीच. महागाई ६ टक्के धरली तर १८ वर्षांनी त्या रकमेची किंमत आजच्या २६ हजारांएवढी. अमेरिकेतलं कनेक्टिकट राज्य वेगळं करतं. १ जुलै २०२३पासून गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याखाली जन्मलेल्या बाळामागं ३,२०० डॉलर लगेच गुंतवतं आणि वाढलेली रक्कम १८ ते ३० वयात घर, शिक्षण किंवा धंद्यासाठी देतं. आपल्याकडं ती वाढ घरच्यांनीच घडवायची.

त्यासाठी सुकन्या बरी, पण तुमच्या सहीनं नको. खातं आई-वडिलांनी किंवा कायदेशीर पालकानंच काढायचं. आजी-आजोबांनी काढलेल्या खात्यांचं पालकत्व २०२४मध्ये आई-वडिलांकडे किंवा कायदेशीर पालकाकडे वळवायला लावलं होतं. पैसे तुम्ही खुशाल द्या. वर्षाला किमान २५० रुपये भरा. चुकलं तर प्रत्येक वर्षामागं ५० रुपये दंड. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.

आजचा ८.२ टक्के दर कायम धरला तर ‘लेक लाडकी’चे ५ हजार २१ वर्षांत २६ हजारांवर जातात. महिना २५० रुपये १५ वर्षं भरले, तर २१ वर्षांनी ४५ हजारांचे १ लाख ३८ हजारांच्या आसपास होतात. पण यात सरकार स्वतःचा रुपयाही घालत नाही. वर्षाला दीड लाख भरू शकणाऱ्याला हाच दर ७० लाखांच्या घरात नेतो, तोही करमुक्त. गरीब-श्रीमंतातलं अंतर सुकन्यानं कमी होत नाही, उलट रुंदावतं. म्हणून आधी अंगणवाडीत अर्ज, मग पोस्टात खातं.