वाचक विचारतात: लेगोच्या खोक्यात अडकलेले पैसे

प्रश्न : लेगोचे चार सीलबंद सेट गुंतवणूक म्हणून घेऊन पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवले होते. एकाच्या खोक्याची झडप सुटली, दुसऱ्याचा कोपरा दबला. आतला माल जसाच्या तसा असताना भाव का पाडून मागतात? – जुळे सोलापूर

उत्तर : सीलबंद सेट घेणारा संग्राहक खोक्याचेही पैसे मोजतो, म्हणून. सुटलेली झडप घरी चिकटवू नका. डिंकाचा नवा थर लगेच ओळखू येतो आणि आतलं काही काढलं असेल, अशी शंका येते. सगळ्या बाजूंचे फोटो काढा, दोष लिहून विका.

राहिलेले सेट आजच खाली उतरवा. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. लेगोच्या विटा, म्हणजे जोडायचे तुकडे, एबीएस या टणक प्लॅस्टिकच्या, त्यांना एवढ्यानं काही होत नाही. पण झडपेचा डिंक सुटतो, आतल्या स्टिकरचा कागद वाकतो, रबरी भाग कडक होतात. पश्चिमेची भिंत सोडून आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, पुस्तकांसारखे उभे लावा. एकावर एक रचले की खालचा दबणारच. प्रत्येकाला बाहेरून जाड पुठ्ठ्याचं खोकं आणि त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्याआधी बदललेल्या. वाळवी आणि उंदीर यांची पाहणी वेगळी.

आणि हिशेब मांडूनच ठेवा. समजा, दहा हजारांचा सेट पाच वर्षांनी सोळा हजारांना गेला. दहा टक्के कमिशन म्हणजे सोळाशे, पॅकिंग आणि कुरिअर सहाशे. हातात तेरा हजार आठशे. वर्षाला साडेसहा टक्क्यांच्या आसपास. एवढं तर एफडीही देते, आणि तिला उंदीर लागत नाहीत.

प्रश्न : मुलगा मोठा झाला. त्याचे सुटे तुकडे पोतंभर आहेत. किलोवर देऊन टाकू का? – होटगी रोड

उत्तर : थांबा. आधी छोटे पुतळे, त्यांचे केस, टोप्या आणि हत्यारं वेगळी काढा. मोलाचा भाग बहुधा तिथेच असतो. मग प्रत्येक विटेवरची गोल बटणं पाहा. खऱ्या विटेच्या बटणावर लेगो हे नाव कोरलेलं असतं. गड्ड्याच्या जत्रेतले स्वस्त ब्लॉक्स त्यात मिसळलेले निघाले, की गिऱ्हाईक सगळ्याच मालावर शंका घेतं.

सूचनापुस्तिकेवर सेटचा क्रमांक असतो. ब्रिकलिंक या संकेतस्थळावर तो टाकला की तुकड्यांची यादी मिळते. तिच्यावर खुणा करत सेट जुळवा. रंगानुसार ढीग लावायचा मोह टाळा, सेट मोडतात. धुवायचं तर कोमट पाण्यात, चाळीस अंशांच्या आत, सौम्य साबणानं. मोटर, दिवे आणि स्टिकर लावलेले तुकडे पाण्यात घालू नयेत. वाळवणं पंख्याखाली, गच्चीवरच्या उन्हात पांढरे आणि करडे पिवळे पडतात. जुने तपकिरी तुकडे ओढून काढू नका, ते ठिसूळ होऊन तडकतात.

प्रश्न : उत्पादन बंद झालेल्या सेटचा भाव वाढतोच ना? – विजापूर रोड

उत्तर : नाही. 2008 चा ताजमहाल (क्रमांक 10189, तुकडे 5,922) बंद झाल्यावर भाव कैक पटींनी चढला. 2017 मध्ये कंपनीनं जवळपास तोच सेट 10256 या क्रमांकानं पुन्हा काढला आणि जुन्याचा भाव घसरला. गाजलेली वास्तू किंवा गाजलेलं यान पुन्हा निघू शकतं, म्हणून सगळे पैसे एकाच सेटमध्ये घालू नका.