माल निघण्याआधी नोंदणी उरका

परदेशातून माल मागवायची पहिली ऑर्डर ठरली की सगळे आधी जहाज बघतात. तू आधी सीमाशुल्क खात्याकडची नोंदणी उरकून घे. नोंदणीचा नंबरच नसेल तर माल बंदरात पडून राहतो आणि डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा आकार, दिवसागणिक चढत जातं.

अर्जात फर्मचं नाव अगदी कागदोपत्री आहे तसंच लिही. माझा एक कंटेनर अडकला तो ‘अँड कंपनी’ एवढ्या दोन शब्दांवरून. नोंदणीत होते, इन्व्हॉइसवर नव्हते. पत्ता बदललास तर तिथेही लगेच कळव, हे हमखास राहून जातं.

एचएस कोडचे, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाचा प्रकार सांगणाऱ्या आकड्याचे, पहिले 6 अंक सगळीकडे सारखे, पुढचे त्या त्या देशाचे. म्हणून पुरवठादाराचा कोड जसाच्या तसा उचलू नकोस. सीमाशुल्काचं काम बघणारा एजंट जरूर नेम, पण मालाचं घोषणापत्र तुझ्या नावावर जातं. दाखल होण्याआधी स्वतः वाच.