वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत ने

कोल्हापूर

चि. पोरी,

तू पाठवलेलं एफआरपीवरचं, म्हणजे साखर कारखान्यानं ऊसकऱ्याला द्यायच्या किमान दरावरचं, भाषण ऐकलं. मुद्दे ठीक आहेत, त्यावर नंतर बोलू. तू दोन गोष्टी विचारल्यास: आवाज भारदस्त कसा करू, आणि पुण्याच्या स्पर्धेआधी कोल्हापुरी हेल कसा घालवू. दोन्ही बाजूला ठेव. दुखणं वेगळंच आहे.

मध्येच एके ठिकाणी, हा दर हप्त्याहप्त्यानं देण्याबद्दल, तू म्हणतेस, ‘एफआरपीचे तुकडे पाडणं आम्हाला मान्य नाही.’ हेडफोन लावून ऐकलं. ‘आम्हाला मान्य’ इथवर स्वच्छ, आणि ‘नाही’ घशात करकरून विझलं. सभागृहात मागे बसलेल्या ऊसकऱ्यानं काय ऐकायचं? आम्हाला मान्य! आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेक वेळा त्याच्याही मागून. बोलणारा शेवटी गळाठला की म्हणणंच उलटं होतं. म्हणून एकच सांगतो आणि हेच सांगत राहणार: वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत ने.

आवाज जाड करायचा नाद सोड. बाईचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण 200 वेळा कंप पावतात, पुरुषाचे 100 ते 130. हे तंतूंच्या लांबी-जाडीवर ठरतं, हट्टावर नाही. तू घसा दाबून आवाज खाली ओढतेस. वाक्य संपत आलं की छातीतली हवा कमी होते, आवाज तसाही उतरतो, आणि आधीच तळाला गेलेल्या आवाजाला उतरायला जागा राहत नाही. उरते ती करकर. घरात कुणाचं ऐकताना तू सहज ‘हं’ म्हणतेस, तो ज्या पट्टीत निघतो ती तुझी पट्टी. तिथूनच बोल.

भाव आणायचा म्हणून तू प्रत्येक विशेषणावर चढतेस. ‘प्रचंड’, ‘भयानक’, ‘अक्षम्य’. सगळा दम तिथंच खर्च होतो आणि क्रियापदाच्या वाट्याला काही येत नाही. कशासाठी? राग ‘अक्षम्य’मध्ये नाही गं, ‘मान्य नाही’मध्ये आहे.

पाठीवर झोप, पोटावर जाडसर पुस्तक ठेव. श्वास घेताना पुस्तक वर आलं पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. सोडताना ‘स्स’ एकसारखा. हे जमलं की वाक्य मागून बांधायचं. आधी नुसतं ‘नाही’. मग ‘मान्य नाही’. मग ‘आम्हाला मान्य नाही’. असं मागे मागे जात पूर्ण वाक्य. शेवटासाठी श्वास राखून ठेवायची सवय मला तरी दुसऱ्या कशानं लावता आलेली नाही. मध्ये दम घ्यायचाच तर ‘पाडणं’नंतर घे. ‘मान्य’ आणि ‘नाही’च्या मध्ये घेतलास तर मी भाषण तिथंच थांबवीन.

हेलाचं म्हणशील तर, घरी तू ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतेस. आपल्याकडच्या पोरी म्हणतातच. व्यासपीठावर ‘आले’ म्हणायचं असेल तर म्हण. पण हेल पुसायच्या धास्तीनं जीभ आखडू नकोस. तुझ्या वयाचा असताना एका स्पर्धेत मला ‘उच्चार ग्रामीण’ असा शेरा मारून खाली बसवलं होतं. तो राग गेलेला नाही. ज्याला बक्षीस मिळालं त्याच्या वाक्यांचे शेवट पहिल्या रांगेलाही कळले नव्हते. 1915 साली आपलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, उभं राहिलं तेव्हा तिथं माईक नव्हता. पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचायचा तो श्वासाच्या जोरावर. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते जळालं तेव्हा मला पहिल्यांदा त्या आवाजांचीच आठवण झाली.

भरल्या वर्गांत वर्षानुवर्षं ओरडून शिकवताना माझ्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. शिक्षकाला आवाज वापरायला कुणी शिकवत नाही, ही खंत मोठी आहे. डॉक्टरांनी गप्प बसवलं. कुजबुजायचंही नाही म्हणाले, त्यानंही घशावर ताण येतो. परत बोलू लागलो तेव्हा आवाज अर्धाच उरला होता. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज तरुणपणी फार गावं लागल्यानं बसला होता. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, आणि शाहू महाराजांच्या दरबारात ते तीच गायले. त्यांच्याशी माझी काय बरोबरी! पण अर्ध्या आवाजातही शेवटचा शब्द पोचवता येतो, एवढा धडा मी घेतला. म्हणून पोरांना एकेका वाक्यावर तासभर अडकवतो. पालक कुरकुरतात, सर भाषण पाठ करून घेत नाहीत म्हणून. नाही घेत. पाठ केलेलं स्पर्धेबरोबर विसरतं. माझ्याकडून गेलेली पोरं आज ग्रामसभेत उभी राहिली की मागच्या माणसाला ऐकू जातं, आणि माझ्या हट्टाचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

मैत्रिणीला घेऊन सकाळी पंचगंगा घाटावर जा. तिला लांबच्या पायरीवर उभी कर. तू ओरडायचं नाही, नेहमीसारखं बोलायचं. तिनं प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द परत म्हणायचा. तो चुकला तर तेच वाक्य पुन्हा. घसा खाकरू नकोस, घोटभर पाणी पी. आणि बसलेला घसा तीन आठवड्यांत सुटला नाही तर काढे करत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

बुधवारपर्यंत नवं रेकॉर्डिंग पाठव. पूर्ण भाषण नको, एफआरपीचा तेवढा परिच्छेद पुरे.

तुझा,
सर