गरब्याच्या गेटवरच्या मेटल डिटेक्टरचा सेल दोन तासांत का उतरतो?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या गरब्यासाठी हातात धरायचे चार मेटल डिटेक्टर घेतले, नवाकोरा ९ व्होल्टचा चौकोनी सेल टाकला तरी दोन तासांत लाल दिवा लागतो, आणि दुकानदार म्हणतो यंत्रात काही दोष नाही. बहुधा तो खरं बोलतोय. माझं इथे वडोदऱ्यात, दांडिया बाजारात, दुरुस्तीचं दुकान आहे. नवरात्र आलं की ही यंत्रं माझ्या टेबलावर रांग लावतात आणि त्यातली निम्मी मी उघडतसुद्धा नाही.

आधी गेटवर पाच मिनिटं उभे राहा. ऑक्सिडाइज्डचे झुमके, कंबरपट्टा, पैंजण, हातात मोबाइल. यंत्र येईल त्याच्यावर ओरडतं. असंच एक यंत्र मी मोजलं, तर गप्प असताना २५ मिलीॲम्पिअर खात होतं. बझर आणि थरथरणारी मोटर दोन्ही सुरू झाल्या की ९०. चांगल्या अल्कलाइन सेलची साठवण साधारण ५०० मिलीॲम्पिअर-तास असते, म्हणजे करंटला तास गुणले की येणारा आकडा. म्हणजे गप्प राहिलं तर २० तास, सतत ओरडलं तर साडेपाच. तेही कागदावर, कारण जास्त करंट ओढला की हा सेल पूर्ण माल देतच नाही. आत दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल असतात, त्यांच्याकडून किती अपेक्षा करणार? त्यातून तो कार्बन-झिंकचा असेल (ज्यावर ‘हेवी ड्यूटी’ असं दिमाखात छापतात) तर दोन तासांचं नवल नाही. सेलवर ‘अल्कलाइन’ लिहिलंय का, ते आजच बघा.

मग बझर बंद करून फक्त मोटर ठेवा. ढोल-डीजेच्या गोंगाटात बझर तसाही कोणाला ऐकू येतो? संवेदनशीलतेचा स्क्रू थोडा उतरवा, पण खिशात छोटा चाकू ठेवून तपासा. चाकूच सुटला तर यंत्राचा उपयोग काय. आणि बटण दाबल्यावरच चालणारं यंत्र असेल तर वॉचमनकाकांकडे लक्ष द्या. बोट दुखतं म्हणून बटणावर चिकटपट्टी मारलेली यंत्रं मी पाहिली आहेत.

चार्ज होणारे सेल जरूर घ्या, पण नीट बघून. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये ७.२ आणि ८.४ व्होल्ट असे प्रकार मिळतात. ७.२ वाला पूर्ण भरलेला असूनही काही यंत्रं थोड्याच वेळात लाल दिवा दाखवतात. यूएसबीवर चार्ज होणारा लिथियम सेल शेवटपर्यंत ९ व्होल्ट देतो आणि मग एकदम मान टाकतो, लाल दिव्याची सूचना मिळतच नाही. त्याच्या आतल्या सर्किटमुळे एखादं यंत्र उगाच बीपही करतं, म्हणून एकच आणून आधी चालवून बघा. यंत्राला चार्जिंगचं भोक असलं तरी साधा सेल आत ठेवून चार्जर लावू नका. सेल फुटून पाणी सोडतो.

हे सगळं करूनही सेल उतरत असेल तर मल्टिमीटर काढा. नवा सेल नुसता मोजला तर साडेनऊच्या आसपास दाखवतो; यंत्र ओरडत असताना तो साडेसातच्या खाली जात असेल तर सेल बदला. मग यंत्र बंद करा आणि सेलच्या एका वायरमध्ये मीटर मिलीॲम्पिअरवर जोडा. साध्या स्विचच्या यंत्रात शून्य यायला हवं. गेल्या वर्षी एकात ६ मिलीॲम्पिअर येत होते. उघडलं तर स्विचमध्ये उसाचा रस सांडून वाळला होता. सेलची क्लिप सैल असेल तर पकडीनं हलकेच आवळा, हिरवट झाली असेल तर बदलूनच टाका.

शून्य आलं नाही तर आकडा इथे लिहा, किंवा यंत्र घेऊन या. फक्त नवरात्रात संध्याकाळी सातनंतर नको, तेव्हा मीही गरब्यातच असतो.