साखर सरली, पण 'रन आउट' कोण झालं?

उदगीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे : "'रन आउट ऑफ' म्हणजे संपणे, असं फळ्यावर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गानं वाक्य आणलं, 'माय शुगर रॅन आउट ऑफ'. अर्थ तर बरोबर सांगितला होता, मग चुकलं कुठं? आणि याला मराठीत नेमकं क्रियापद कोणतं?"

ताई, मुलांनी तुमचा अर्थ प्रामाणिकपणे वापरला, म्हणूनच वाक्य चुकलं. मराठीत 'संपणे'चा कर्ता ती वस्तूच असते. साखर संपते, पेट्रोल संपतं, मोबाइलचा बॅलन्स संपतो. माणूस त्या वाक्यात आलाच तर 'माझ्याकडची', 'आमच्या घरातली' असं म्हणत कडेला उभा राहतो. इंग्रजीत मात्र 'ऑफ' लागला की माणूस मधोमध येतो : 'वी रॅन आउट ऑफ शुगर'. ज्याच्याकडं वस्तू होती तो कर्ता, आणि संपलेली वस्तू 'ऑफ'च्या पुढं. वस्तूलाच कर्ता करायचं असेल तर 'ऑफ' गळतो : 'अवर शुगर रॅन आउट'. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. मुलांनी साखर पुढं आणली आणि 'ऑफ'ही ठेवला, त्यामुळं ऐकणारा वाट पाहत राहतो की साखरेकडचं काय संपलं?

लातूर जिल्ह्यातल्या मुलांना हे समजावायला पुस्तकातलं उदाहरण कशाला? 2016च्या उन्हाळ्याबद्दल त्यांनी घरी ऐकलेलं असणारच. मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोचली, 10 वाघिणी आणि सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन. या एका घटनेची तीन वाक्यं मुलांकडून करून घ्या. 'द डॅम रॅन ड्राय.' 'द वॉटर रॅन आउट.' 'लातूर रॅन आउट ऑफ वॉटर.' कर्ता पहिल्यात धरण आहे, दुसऱ्यात पाणी आणि तिसऱ्यात शहर. आता मराठी करायला सांगा. धरण आटलं, पाणी संपलं, इथवर मुलं सरळ येतील. तिसऱ्या वाक्याशी अडतील, कारण 'लातूर संपलं' म्हटलं तर भलताच, अभद्र अर्थ होतो. मग कुणीतरी 'लातूरचं पाणी संपलं' म्हणेल आणि शहराला 'चं' लागलेला सगळ्या वर्गाला दिसेल. दोन भाषांतला फरक त्या 'चं'मध्ये आहे. तो मुलांना स्वतःला सापडू द्या, सांगू नका.

पहिल्या वाक्यातलं 'आटणे' मला फार मोलाचं वाटतं. विहीर आटते, तळं आटतं, आणि गाभण म्हैस विण्याआधी दोनेक महिने आपण तिला आटवतो. तिथं पाणी किंवा दूध ज्यात असतं तेच कर्ता किंवा कर्म होतं. म्हणजे इंग्रजीसारखी रचना आपल्याला अगदीच परकी नाही. गोठा असलेल्या घरातल्या पोराला 'म्हैस आटली' हे वाक्य आधार म्हणून द्या, त्याला 'वी रॅन आउट ऑफ' लवकर उमगेल. फक्त 'आटणे' पाण्यादुधापुरतं. पैशाला, वह्यांना, डिझेलला ते चालत नाही, आणि माणूस आटतो तो दुखण्यानं किंवा काळजीनं.

नेमक्या क्रियापदाचं विचारता, तर माझं मत 'सरणे'च्या बाजूनं आहे. शहरात 'संपणे'नं त्याला मागं ढकललंय, पण आपल्याकडं अजून कणगीतली ज्वारी सरते, कडबा सरतो, पंगतीत ऐनवेळी वरण सरतं. हे क्रियापद दोन कामं करतं. 'जरा पलीकडं सर' यात हलणं आहे, 'पीठ सरलं' यात संपणं आहे. संस्कृतातल्या 'सृ' धातूचा अर्थ जाणं, वाहणं. सरिता त्याच धातूतली. सरकत, वाहत गेलेली वस्तू शेवटी उरत नाही, असा हा अर्थाचा प्रवास. इंग्रजी 'रन'सुद्धा धावण्याइतकंच वाहण्याचं क्रियापद आहे, नळ 'रन' होतो, नदी 'रन' होते. 'आउट'नं ते वाहणं बाहेर नेलं, आतलं सगळं निघून गेलं. इतक्या दूरच्या दोन भाषांनी संपण्यासाठी वाहण्याकडंच बोट दाखवावं, याचा मला दर वेळी आनंद होतो. मुलांना 'संपणे'ऐवजी 'सरणे' सांगून बघा. 'रन'चा इथं काय संबंध, हा प्रश्न कुणी विचारणार नाही.

आजी मात्र यातला एकही शब्द तोंडातून काढत नसे. डब्याच्या तळाशी हात लागला की म्हणायची, "तांदूळ वाढले, आणायला सांगा." बांगडी फुटली तर वाढली, तसंच हे. धान्याला संपलं म्हणायचं नाही. इंग्रजीत याचं 'वी हॅव रन आउट ऑफ राइस' एवढंच होईल.

वेळेच्या बाबतीत तर दोन भाषा उलट्या दिशेनं चालतात. 'टाइम इज रनिंग आउट'मागं वाळूचं घड्याळ उभं करता येतं. वरच्या भांड्यातली वाळू खाली सरत जाते, वरचं रिकामं झालं की वेळ झाली. 'द सँड्स आर रनिंग आउट' असंही इंग्रजीत म्हणतात. आपलं घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. 24 मिनिटांत भरून ती बुडाली की एक घटका, अशा 60 घटकांचा दिवस आणि रात्र. त्यामुळं इंग्रजी वेळ रिकामी होते, आपली भरते. घटका भरली, त्याचे दिवस भरले, बाळंतिणीचेही दिवस भरले. म्हणून 'हिज टाइम हॅज रन आउट'चं मराठी करताना 'संपली'वर थांबू नका, 'त्याचे दिवस भरले' हे जास्त आपलं आहे. पेपर सोडवताना मात्र 'वी आर रनिंग आउट ऑफ टाइम'ला 'वेळ संपत आली' हेच सरळ.

त्या 'संपत आली'वरून आठवलं, 'रनिंग आउट ऑफ'मध्ये वस्तू अजून थोडी शिल्लक असते. टँकर तळाला आला असताना 'रनिंग आउट', थेंबही उरला नाही तेव्हा 'हॅज रन आउट'. इथं मुलं 'हॅज रॅन' लिहितात, ते तपासा. रन, रॅन, रन : तिसरं रूप परत पहिल्यासारखं.

'पेट्रोल गॉट ओव्हर' हेही वह्यांत सापडेल, कारण ते आपल्याकडं सगळीकडं बोललं जातं. बोलण्यात मी ते अडवणार नाही. पण भारताबाहेर 'गेट ओव्हर' म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणं, तेव्हा लेखी परीक्षेत 'रन आउट ऑफ'च बरं.

आणि क्रिकेटचं मुलं विचारतीलच. तिथं क्षेत्ररक्षक फलंदाजाला 'रन आउट' करतो, म्हणून 'ही वॉज रन आउट'. धावबादच्या वाक्यात 'वॉज' हवा. साखरेच्या वाक्यात तो घातला, तर साखर धाव घ्यायला निघाली होती असा अर्थ होईल.