टायमिंग ‘पुढं’ म्हणजे लवकर की उशिरा?

सेलूहून एकांनी विचारलंय: “वडिलांची जुनी पॉइंटवाली बुलेट चालूच होईना गेलीय. किक मारली की पाय उलटा फेकती. परभणीचे मिस्त्री फोनवर म्हणले, टायमिंग लई पुढं गेलंय, मागं घ्या. आता पुढं म्हणजे ठिणगी लवकर पडायलीय का उशिरा?”

लवकर. पण गोंधळ होणं साहजिक आहे. लग्नाची तारीख पुढं गेली म्हणजे उशीर झाला, आणि घड्याळ पुढं गेलं म्हणजे ते वेळेआधीच वाजायला लागलं. मराठीत ‘पुढं’ दोन्हीकडं चालतं. गॅरेजातलं ‘पुढं’ घड्याळाचं आहे.

पेट्रोलचा जाळ पसरायला क्षणभर लागतो, म्हणून पिस्टन पार वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पाडतात. जुन्या बुलेट ३५० ला, अ‍ॅडव्हान्सची वजनं (वेग वाढला की फाकून ठिणगी आणखी लवकर पाडणारी) मिटलेली असताना, ठिणगीच्या क्षणी पिस्टन टॉपच्या सुमारे ०.८ मिमी खाली असायला हवा. ठिणगी त्याच्या फार आधी पडली की वर येणारा पिस्टन मागं ढकलला जातो आणि किक पायावर येते. तुमचं लक्षण हेच आहे. उशिरा पडली असती, तर गाडी चालू झाली तरी ओढली नसती आणि भलतीच तापली असती.

टायमिंग बदलायला पॉइंटची प्लेट हलवतात. त्याआधी पॉइंटचा, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांमधला, गॅप बघा: ०.३५ ते ०.४० मिमी. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढं जातं; मिस्त्रींच्या ‘गेलंय’चं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. मग पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा (तिथं दोन्ही टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे दांडे, ढिले लागतात), तिथून इंजन उलटं फिरवून ०.८ मिमी खाली घ्या आणि पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हळूच ओढा. कागद नेमका तिथंच सुटायला हवा. ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना.

पुस्तकात याला ‘प्रज्वलन’ म्हणतात, मिस्त्री ‘करंट’ म्हणतात. मला विचाराल तर ‘पुढं-मागं’पेक्षा आपले पेरणीचे शब्द जास्त नेमके आहेत: ठिणगी आगाप पडतेय, ठिणगी मागास पडतेय. मराठवाड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

विहिरीवरच्या डिझेल इंजनाला ठिणगीच नसते. तिथं टायमिंग म्हणजे डिझेल कधी फवारलं जातं ते. पण ‘पुढं’चा अर्थ तिथंही लवकर असाच.