मुलाला दोन कॉलेजांकडून बेसबॉल स्कॉलरशिपच्या ऑफर आहेत. खासगी कॉलेज ६० टक्के देतंय, आमच्याच राज्यातलं सरकारी विद्यापीठ २५ टक्के. ६० घ्यावी ना?

थांबा. आधी विचारा, टक्के कशाचे?

आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोन वर्षांपूर्वी याच घोळात होतो. मुलगा पिचर, म्हणजे आपला बोलरच म्हणा. सामन्यावरून परतताना एका खासगी कॉलेजच्या कोचचा फोन आला. मी गाडी चालवतोय, मागे हा खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसलाय, आणि स्पीकरवर कोच म्हणतोय, "साठ टक्के देऊ." मी तर हवेतच. घरी बायकोने एवढंच विचारलं, "ट्यूशनचे, म्हणजे शिकवण्याच्या फीचे साठ, की सगळ्या खर्चाचे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कोचला ईमेल टाकला. कळलं की फक्त ट्यूशनचे.

मग तिने जुन्या पाकिटामागे हिशोब मांडला. ट्यूशन ५८ हजार डॉलर, राहणं-जेवण, पुस्तकं, विमा धरून वर्षाला ८२ हजार. साठ टक्के जाऊन आमच्या खिशातून ४७ हजार. सरकारी विद्यापीठाचा एकूण खर्च ३६ हजार. त्यावर २५ टक्के म्हणजे ९ हजार, शिवाय चांगल्या मार्कांचे ५ हजार. उरले २२. तुम्हीही एवढंच करा: आपण भरायची रक्कम काढा आणि चार वर्षांची बेरीज करा. फी दरवर्षी वाढते, स्कॉलरशिपची ठरावीक रक्कम आपोआप वाढत नाही, हेही धरा.

पंचवीस टक्के म्हणजे कोचला मुलगा फारसा नकोय, असं मात्र समजू नका. तेव्हा डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटाच्या, अख्ख्या संघाला मिळून ११.७ स्कॉलरशिप असत, त्या बऱ्याच मुलांत वाटायच्या. सगळ्यांना तुकडेच मिळायचे. २०२५-२६ पासून खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना ती मर्यादा नाही, पण संघात ३४ च मुलं ठेवता येतात. मर्यादा गेली म्हणून तिजोरी भरली असं थोडंच आहे? उलट जागा मोजक्या झाल्या. त्यामुळे मुलाच्या वर्षाचे पिचर किती घेताय, हे खुशाल विचारा. डिव्हिजन थ्रीत आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे) खेळासाठी पैसे मिळतच नाहीत. डिव्हिजन थ्रीत गुणांवर किंवा गरजेवर मिळणारी मदत बघायची, आयव्हीत फक्त गरजेवरची.

तोंडी ऑफर म्हणजे गोड बोलणं. सहीचा कागद एका वर्षाचा आहे की चारही वर्षांचा, हे वाचा. पुढच्या वर्षी पैसे कमी किंवा बंद करायचे असतील तर कॉलेजला १ जुलैपर्यंत लेखी कळवावं लागतं, आणि तुम्हाला अपील करता येतं. मार्कांवरचे पैसे कोचच्या हातात नसतात, म्हणून मला तेच जास्त भरवशाचे वाटतात. त्यांच्यासाठी किती जीपीए (सरासरी गुण) राखावा लागतो तेवढं बघून ठेवा. आमच्या पोराचं कोपर गेल्या हंगामात दुखावलं, जवळजवळ सगळे सामने त्याने बाकावरून पाहिले. ते पाच हजार मात्र वेळेवर जमा झाले.

तुम्ही एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आणि मुलगा एच-फोरवर (त्यावरच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर सरकारी मदत हिशोबात धरू नका, ती नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळते. स्कॉलरशिपचा जो भाग राहण्या-जेवणासाठी असतो त्यावर कर लागू होतो, आम्हाला हे सीपीएने (इथल्या सीएने) सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

आणि हो, कोचला ईमेल मुलालाच लिहू द्या. माझ्या त्या ईमेलचं उत्तर कोचने मला नाही, थेट मुलाला पाठवलं होतं.